पेनांग: पाच दिवस, चार पोटं आणि एक चातुर्मास

ओलंखोबरं | ११ ऑगस्ट २०२४

नमस्कार मंडळी,

५ ते १० ऑक्टोबर आम्ही मलेशियातल्या पेनांगला चाललोय. तिकिटं काढून झाली: मुंबई–क्वालालंपूर, मग तासाभराचं विमान. व्हिसाचं मला कळलंय (सध्या ३० दिवसांपर्यंत लागत नाही, फक्त पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ते डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं), त्यामुळे त्यावर प्रतिसाद खर्च करू नका.

किनारे, केबल कार, भिंतीवरच्या चित्रांपुढे फोटो, यात घरात कुणालाच रस नाही. जायचं ते जॉर्जटाउनला, म्हणजे पेनांगच्या मुख्य शहरात, खायला. माणसं चार. मी मालवणी, समुद्रातलं काहीही चालतं. नवरा घाटावरचा, मटण-मासे आणि घाम फुटेल इतकं तिखट. लेक तेरा वर्षांचा, नूडल्स असतील तर आई-बापही विसरतो. आणि सासूबाई, वय ६९.

खरी गोम तिथेच आहे. आई शाकाहारी, अंडंही नाही. त्यात चातुर्मास, म्हणजे कांदा-लसूण बंद. त्यात आमच्या तारखा नवरात्रातल्या. घट मोठ्या दिरांकडे बसतात आणि आईंचा उपास उठता-बसता असतो, त्यामुळे उपास मध्ये येत नाही, पण कांदा-लसूण नाही म्हणजे नाही. 'मी आपली दहीभात खाईन, तुम्ही मजा करा' असं त्या म्हणतात. मला ते नकोय. पाच दिवस आम्ही हादडायचं आणि त्यांनी डब्यातले दशम्या-थेपले चघळत बसायचं?

माझ्या यादीत आत्ता २३ पदार्थ आहेत. एक्सेल जोडत नाही, हसाल. जाऊन आलेल्यांनी बोला.

पेठी | ११ ऑगस्ट २०२४

जिथे भाजी म्हणून मागवलेल्या पदार्थातही कोळंबी निघते तिथे कांदा-लसूण न खाणाऱ्या ज्येष्ठ बाई. धाडसाला दंडवत. एखादं उडुपी गाठा नि बाकीचा वेळ देवळं बघा. (हलके घ्या.)

सुकट_बोंबील | १२ ऑगस्ट २०२४

मालवणी आहात म्हणता तर आधी आसाम लाक्सा. बाकीचे बावीस खोडलेत तरी चालेल.

आसाम म्हणजे चहाचा आसाम नव्हे, मलयमध्ये 'आंबट'. बांगड्याची आमटी समजा, फक्त नारळ वगळून. मासा 'इकान केंबुंग', बाजारात बघाल तर ओळखीचा चेहरा, आपला बांगडाच. तो उकडून, काटे काढून, रश्श्यात कुस्करतात. आंबटपणाला चिंच, आणि जोडीला 'आसाम गेलुगोर' नावाच्या फळाच्या वाळवलेल्या चकत्या. ते झाड आपल्या कोकमाचं भावंड, दोघांचं कूळ गार्सिनिया. खाली तांदळाच्या जाड शेवया, वर काकडी, अननस, कांदा, पुदिना आणि 'बुंगा कांतान' म्हणून एक गुलाबी कळी बारीक चिरून. तिरफळ नसतं, पण ते आपल्याकडे जे काम करतं तेच ही कळी करते, बांगड्याचा वास जाग्यावर ठेवते.

शेवटी चमच्यात येतो 'हे को', कोळंबीचा काळा, डांबरासारखा दाट पाक. आल्या आल्या ढवळू नका. पहिले चार घास नुसत्या रश्श्याचे घ्या, मग चमचा बुडवा. दोन वेगळे पदार्थ खाल्ल्यासारखं होतं.

आणि 'बेलाचान' या शब्दाला बिचकू नका. जवळा मीठ लावून, कुटून, वाळवून आंबवलेली वडी ती. भाजताना जो वास सुटतो त्याने आमच्या बोटीवरचे दिल्लीवाले डेकवर पळाले होते, मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन बसलो. तेव्हा पेनांगसमोरच्या बटरवर्थ बंदरात जहाज आठवडाभर अडकलं होतं, हे सगळं ज्ञान त्या आठवड्याचं.

अवांतर: आईंचं काय करायचं ते मला ठाऊक नाही. मी त्या बाबतीत निरुपयोगी माणूस आहे.

मलाक्काकर | १२ ऑगस्ट २०२४

(अकरा वर्षं क्वालालंपूर. बायको पेनांगच्या खाण्यावरून माझ्याशी भांडते, इतपत अधिकार.)

ओलंखोबरं, तुमच्या तारखा दोनदा वाचल्या आणि हसत सुटलो. आईंसाठी वर्षातले सगळ्यात चांगले दिवस तुम्ही न कळता निवडलेत.

चिनी पंचांगात नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस नऊ सम्राट देवांचे, पेनांगच्या चिन्यांच्या होक्कियन बोलीत 'क्यू ओंग या'. यंदा सुरुवात ३ ऑक्टोबर, म्हणजे नेमकी आपली घटस्थापना. नवल काही नाही, अमावास्या त्यांचीही तीच. (दरवर्षी जुळतंच असं नाही. पुढच्या वर्षी त्यांचा अधिक महिना आहे, आपला नाही, म्हणून २०२५ ला ते महिनाभर पुढे सरकतील.) या नऊ दिवसांत पेनांगमधले बरेच चिनी लोक शाकाहार पाळतात. मांस, मासे, अंडी नाहीतच, पण त्याबरोबर कांदा, लसूण, कांद्याची पात हेही वर्ज्य. कारण विचारलंत तर आपल्या आज्या सांगायच्या तेच: उग्र, मन चाळवतं.

रस्तेच्या रस्ते तात्पुरत्या शाकाहारी ठेल्यांनी भरतात. खूण म्हणजे पिवळा झेंडा, त्यावर लाल चिनी अक्षर. झेंड्याखाली मिळेल ते आईंना बिनघोर द्या. जे नूडल्सचे पदार्थ तुम्ही एरवी खाणार, चार क्वे टियाव, होक्कियन मी, करी मी, त्यांची शाकाहारी रूपं तिथे असतात. तोंडाने सांगायचं झालं तर 'च्याक चाय', म्हणजे 'शाकाहार करते'.

आता सापळे, कारण झेंडे नसलेल्या ठिकाणी ते जागोजाग आहेत.

ची चोंग फन: तांदळाची पांढरीशुभ्र सुरळी, वर तीळ. दिसायला इतकी सोवळी की बास. पेनांगमध्ये तिच्यावरचा काळा सॉस म्हणजे वर सुकटरावांनी सांगितलेला हे को. फळांचं रोजाक: पेरू, अननस, काकडी, आणि पुन्हा तोच काळा पाक. तांबुन पिया ही मुगाची बिस्किटं भेट म्हणून सगळे आणतात, त्यात तळलेला कांदा आणि बऱ्याचदा डुकराची चरबी. मामाकची (तमिळ मुस्लिम खाणावळीतली) रोटी चनाई म्हणजे पदर सुटलेला पराठा, पण सोबतच्या डाळीत कांदा-लसूण असतो आणि ओतताना तोच डाव माशाच्या कालवणातून फिरलेला असतो. नुसती रोटी साखरेबरोबर मागा, तीही कणकेत अंडं नाही ना हे विचारून.

उलट बिनधास्त गोष्टी: चेंडोल. तौ फू फा, म्हणजे थरथरणारं मऊ टोफू आल्याच्या पाकात. मुआ ची, चिकट तांदळाच्या उकडीचे तुकडे दाण्याच्या गोड कुटात घोळवलेले (वर तळलेला कांदा टाकतात, आधीच नको म्हणा). आणि कुई कोची. काळ्या तांदळाची उकड, आत ओलं खोबरं आणि गूळ, केळीच्या पानात वाफवलेली. तुमच्या आयडीला शोभेल. आईंना सांगू नका काय आहे, पान उघडू द्या.

गुळावरून आठवलं: मलयमध्ये साखरेला 'गुला' म्हणतात, तो शब्द संस्कृतातल्या गुडावरूनच गेलेला. भेंडीला 'बेंडी'. पेनांग रोडवरच्या मंडईचं नाव 'चौरस्ता'. मला इथे परकं वाटायचं थांबलं ते या तीन शब्दांनी.

निशिगंध१९ | १२ ऑगस्ट २०२४

वाचनखूण साठवली. राजमा घातलेलं ते चेंडोल हेच का? गोडात राजमा??

मलाक्काकर | १२ ऑगस्ट २०२४

हेच. बर्फाचा कीस, नारळाचं दूध, ताडगूळ, पांदान नावाच्या सुवासिक पानाच्या हिरव्या शेवया आणि लाल राजमा. पहिल्या चमच्याला तुमच्यासारखाच चेहरा झाला होता माझा.

वेळापत्रक | १३ ऑगस्ट २०२४

दोनदा जाऊन आलोय, पहिल्यांदा यादी घेऊन आणि फसून. म्हणून कळकळीने लिहितो: पेनांगमध्ये पदार्थांची यादी करायची नसते, तासांची करायची असते.

तिथला ठेलेवाला एकच पदार्थ करतो आणि तोही ठरावीक वेळातच. क्वे टियाव थ्ङ (तांदळाच्या नूडल्सचं साधं सूप), करी मी, डिम सम हे सकाळचं. अकरानंतर गेलात की मोकळी पातेली. लाक्सा दुपारचा. लोरोंग बारू, किंबर्ली स्ट्रीट, चुलिया स्ट्रीटचे ठेले संध्याकाळी लागतात. नासी कांदार (भात आणि त्यावर कालवणं) मात्र कधीही, रात्री उशिराही. प्रत्येकाची सुट्टी आठवड्यात वेगळ्या वारी, आणि कधीकधी 'आज मूड नाही' हाही वार असतो. म्हणून प्रत्येक वेळेला एकाच गल्लीत तीन पर्याय धरा. एका ठेल्यासाठी बेट ओलांडून जाऊ नका.

दुसरं, पोट. एकट्याने पूर्ण प्लेट संपवायची नाही. एक प्लेट, तीन चमचे, पुढे चला. दिवसाला पाच थांबे पुष्कळ झाले. दुपारी दोन ते चार खोलीवर आडवं व्हा. ऑक्टोबर पावसाचा आहे आणि तो बहुधा दुपारी गाठतो.

कोपितियाममध्ये (जुनी कॉफीची दुकानं, त्यांच्या पुढ्यात ठेले) रीत अशी: आधी टेबल धरा, टेबलाचा नंबर लक्षात ठेवा, ठेल्यावर जाऊन सांगून या, प्लेट आली की तिथेच पैसे. पेय दुकानमालकाचं, ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर बसण्याचे थोडे पैसे लावतात. कोपी म्हणजे कंडेन्स्ड दुधाची, कोपी-ओ काळी पण गोड, कोपी-ओ कोसोंग काळी बिनसाखरेची. रोख सुटे ठेवा. रिंगिट सध्या एकोणीस-वीस रुपये आहे, दहा रिंगिटच्या आत बऱ्यापैकी प्लेट येते.

तिर्फळ | १३ ऑगस्ट २०२४

एक स्पष्ट सांगून ठेवते, नंतर वाद नको. चिनी ठेल्यावरचं चार क्वे टियाव बहुतेक वेळा डुकराच्या चरबीत परततात आणि वर चिनी सॉसेजचे काप असतात. नासी कांदारच्या काउंटरवर 'दागिंग' लिहिलेलं ते गोमांस. ज्याला जे चालत नसेल त्याने आधी विचारावं. विचारलं म्हणून कुणी चिडत नाही, चार धर्मांची माणसं एकाच रस्त्यावर जेवतात, त्यांना सवय आहे.

निशिगंध१९ | १३ ऑगस्ट २०२४

खाण्याच्या जागांना तारे देणारे ते मिशेलिनवाले आता पेनांगलाही येतात ना? ती यादी धरून गेलं तर?

वेळापत्रक | १३ ऑगस्ट २०२४

हो, क्वालालंपूर-पेनांगची पहिली यादी डिसेंबर २०२२ ला आली. त्याने झालं एवढंच की आधी वीस मिनिटांची असलेली रांग तासावर गेली. शेजारच्या ठेल्यावर स्थानिक म्हाताऱ्या वर्तमानपत्र वाचत जेवत असतात. तिथे बसा.

ओलंखोबरं | १५ ऑगस्ट २०२४

काय बोलू! आईंना पिवळ्या झेंड्यांचं वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, 'म्हणजे चिनीसुद्धा पाळतात?' आता त्या सगळ्या सोसायटीला सांगत सुटल्यात.

यादी २३ वरून ११ वर आणली. खोली चुलिया स्ट्रीटच्या मागे घेतली, सगळं चालत. आयेर इतामला एक अर्धा दिवस: टेकडीवरच्या केक लोक सी देवळाचं स्वतःचं शाकाहारी उपाहारगृह आहे, आईंना तिथे, आम्ही खाली बाजाराजवळ लाक्सा. जमेल?

मलाक्काकर | १५ ऑगस्ट २०२४

जमेल. शहरातल्या कोमटार बसतळाहून २०४ नंबरची बस जाते. फक्त आईंना एकटं वर बसवू नका, लेकाला सोबत द्या. देवळाला पायऱ्या आहेत.

पेठी | १५ ऑगस्ट २०२४

उडुपीचं मागे घेतो.

ओलंखोबरं | २० ऑक्टोबर २०२४

धागा वर काढतेय. आलो. दिवाळीची साफसफाई बाजूला ठेवून लिहितेय, तेव्हा विस्कळीत असेल.

पहिल्याच दिवशी वेळापत्रक यांचं ऐकलं नाही आणि शिक्षा झाली. सकाळी नूडल्सचं सूप, दहाला डिम सम, साडेअकराला होक्कियन मी (पेनांगची कोळंबीच्या डोक्यांच्या रश्श्यातली, क्वालालंपूरला याच नावाने काळ्या सोयातल्या परतलेल्या येतात, लेक विमानतळावर त्या खाऊन गोंधळला होता). साडेबाराला नवरा म्हणाला, आता मला कुणी काही दाखवू नका. तरी मी हट्टाने एका लांबच्या ठेल्यावर चौघांना पावसातून नेलं. तिथे पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेलं: 'हारी इनी तुतुप'. आज बंद. त्या पुठ्ठ्याचा फोटो आमच्या घरच्या ग्रुपचा डीपी आहे सध्या.

दुसऱ्या दिवसापासून शहाण्यासारखं वागलो.

चार क्वे टियावचा ठेला रात्री बघितला. कोळसा, एक कढई, एक माणूस. एका वेळी एकच प्लेट, मग पुढे चौदा जण असोत. चरबी, लसूण, कोळंबी, रुंद नूडल्स, मग सगळं बाजूला सारून मोकळ्या जागेत अंडं फोडायचं, मोड आणि चिनी पात शेवटच्या क्षणी, शिंपले तर अक्षरशः दाखवल्यासारखे. एका हाताने उलथनं, दुसऱ्याने पंख्याने जाळ. नवऱ्याने घड्याळ लावलं, दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दोन प्लेट एकदम का करत नाहीत असं लेकाने विचारलं, तर त्या गृहस्थांनी मान न उचलता इंग्रजीत सांगितलं, 'मग ती उकडेल, परतणार नाही.' घरी माझ्या हक्का नूडल्स गिचका का होतात ते मला त्या दिवशी कळलं.

नासी कांदार नवऱ्याचं. कांदार म्हणजे कावड; तमिळ मुस्लिम विक्रेते पूर्वी कावडीत भात आणि कालवण घेऊन फिरायचे, त्यावरून नाव. कॅम्पबेल स्ट्रीटवर १९०७ पासूनचं हमीदिया आहे, तिथे गेलो. भातावर चार-पाच वेगवेगळ्या कालवणांचे डाव एकमेकांत मिसळून ओततात. 'बांजिर' म्हटलं की पूर. नवऱ्याने पूर मागवला आणि बराच वेळ बोलला नाही.

लाक्सा. सुकटराव, तुम्हाला साष्टांग. चार घास नुसते, मग चमचा बुडवला. पहिल्या भागात मी मालवणात होते, दुसऱ्या भागात कुठे होते ते माहीत नाही. पुदिना आणि बांगडा एकत्र चालतो हे मला आयुष्यात सुचलं नसतं.

आता आई.

पिवळे झेंडे पहिल्याच संध्याकाळी दिसले. एका गल्लीत एका बाजूला दहा-बारा ठेले, माणसं पांढऱ्या कपड्यांत, उदबत्त्या हाताच्या मनगटाएवढ्या जाड. आईंनी आधी लांबून पाहिलं. मग पहिल्या ठेल्यावर त्यांना अख्खा मासा दिसला, खवल्यांसकट, काळी साल, तळलेला. झालं, मागे वळल्या. ठेल्यावरच्या बाईंनी मासा उचलला आणि मधोमध मोडून दाखवला: आत पांढरा टोफू, आणि साल म्हणजे समुद्री शेवाळाचा कागद. आईंनी तरी तो खाल्ला नाही. 'खोटा असला तरी मासाच की, मनाला काय सांगू?' लेकाने दोन खाल्ले.

पण पुढच्या ठेल्यावर मुआ ची होती. त्या बाई कात्रीने उकड कापून कुटात टाकत होत्या आणि आई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्याच राहिल्या. एकीला मराठी आणि थोडं हिंदी, दुसरीला होक्कियन आणि मलय. दहा मिनिटं दोघी बोलत होत्या. कशाबद्दल, ते मला आजतागायत कळलं नाही, पण परत येताना आईंच्या हातात पैसे न देता मिळालेली दुसरी प्लेट होती. रोज संध्याकाळी तिथेच जायचं मग. कांद्याविना, लसणाविना, कुणाला समजावून न सांगता त्या बाहेर बसून गरम जेवत होत्या. चातुर्मासात असं त्या घराबाहेर कधी जेवल्याच नव्हत्या, हे मला लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर तिथे लक्षात आलं.

कुई कोचीचं पान उघडल्यावर म्हणाल्या, 'हा तर काळा मोदक. कळ्या पाडायच्या राहिल्यात.'

चौरस्ता मंडईत जायफळाचं लोणचं आणि सरबत घेतलं. बियांचं नव्हे, फळाच्या गराचं. आमच्या गावी बागेत जायफळं आहेत. आपण जायपत्री आणि बी काढतो आणि बाकी फळ झाडाखाली फेकतो. काकांना फोटो पाठवला तर उत्तर आलं: 'किती किलो हवंय?'

राहून गेलं ते ११ तारखेच्या रात्रीचं. नवव्या रात्री देवांना होडीतून समुद्रात निरोप देतात म्हणे. आमचं विमान १० चं. आई अजून त्यावरून बोलतात.

मलाक्काकर | २० ऑक्टोबर २०२४

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते क्वालालंपूरच्या होक्कियन मीला नावं ठेवली नाहीत त्याबद्दल आभार. पुढच्या वेळी निघण्याआधी आम्हाला निरोप द्या, दोन दिवस इथे थांबायचं.

सुकट_बोंबील | २१ ऑक्टोबर २०२४

बांगडा-पुदिना घरी करून बघितलंत की लिहा. मी केलं होतं, बायकोने पातेलं गॅलरीत ठेवायला लावलं.

पेठी | २१ ऑक्टोबर २०२४

उत्तम वृत्तांत. एक शंका: चेंडोलमधला राजमा शिजतानाच साखरेत घालतात की नंतर मुरवतात?

ओलंखोबरं | २१ ऑक्टोबर २०२४

नंतर मुरवत असावेत, आधी साखर घातली तर तो शिजणार नाही. उद्या नक्की कळेल. आईंनी आजच वाटीभर भिजत घातलाय.